मासळीचा वास

तीन दिवस घरात मासळीचा वास होता
आणि आम्ही तर अंडंही आणत नाही.
मी नाव घेतलं शेजारच्या मिसेस पॉवेलचं,
श्रीरंगने समुद्राचं.
स्वान्सीत राहायचं तर एवढं चालायचंच, म्हणाला,
आणि कूस बदलली.

चौथ्या रात्री अडीच वाजता
किटलीमागचं सॉकेट चुकचुकलं,
पाल चुकचुकते तसं, एकदाच.
फ्रिज बोलता बोलता गप्प झाला,
मायक्रोवेव्हचे हिरवे आकडे विझले.
जिन्यातला दिवा मात्र
आपल्याला कुणी काही सांगितलंच नाही असा, जळत.

फोनवरच्या बाईने आधी नाव विचारलं नाही.
मासे तळल्यासारखा वास येतोय का?
मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?
मेन बंद करा. आत्ता. मी थांबते फोनवर.

रात्रीचा दर एकशे चाळीस पौंड, पहिल्या तासाचा.
श्रीरंग पांघरुणातून म्हणाला,
मेन बंद आहे ना, मग सकाळी बघू.
मी फोनमध्ये म्हटलं, पत्ता लिहून घ्या.

केरिस आली तेव्हा गल्लीत व्हॅनच्या दिव्यांखेरीज काही हलत नव्हतं.
पंचविशीची पोर, कपाळावर टॉर्च.
बूट काढा म्हणायला मी तोंड उघडलं
तोवर तिने बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्याही होत्या.
दोन स्क्रू फिरवले, सॉकेट भिंतीतून ओढलं,
करपलेल्या पाकासारखं तपकिरी काहीतरी
तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलं:
हा घ्या तुमचा मासा.
प्लास्टिक तापत राहिलं की असंच घमघमतं.

मग जिन्याखाली, छत्र्या बाजूला सारून,
जुनी पेटी. चिनीमातीचे फ्यूज.
त्यातला एक तिने बाहेर काढला आणि शीळ घातली.
केसाएवढी तार हवी तिथे
एक खिळा होता.
मापात कापलेला, कानस मारलेला, हौसेने बसवलेला.
आमच्या आधीचे मालक, ते आता नाहीत,
बागेतलं कुंपणही त्यांनी असंच निगुतीने केलंय.

हा कधी उडालाच नसता, केरिस म्हणाली.
मी म्हटलं, मग चांगलंच की.
तिने माझ्याकडे पाहिलं, टॉर्च थेट डोळ्यांत.
इथे उडायचं ते उडालं नाही
की भिंतीत जळतं.

मला मिरजेचे बाबा दिसले, स्टुलावर,
एकाच्या जागी तीन तारा पिळणारे:
आता बघू कशी उडते!
आणि आई खाली मेणबत्ती धरून, हसत नाही, काही नाही.

मी गॅसवर चहा केला, आलं जास्त पडलं.
ती उभ्यानेच प्यायली, कप धुऊन ठेवला.
स्वयंपाकघर तोडून बाकीचं घर चालू केलं,
फ्यूजच्या जागी पिवळी चिठ्ठी बांधली: लावू नये.
नवी पेटी गुरुवारी.
खिळा ती डब्यात टाकणार होती, मी मागून घेतला.

आमच्या घरात एकोणीस वर्षांत आवाज चढलेला नाही.
सासूबाई हे चारचौघांत सांगतात.

पावणेपाचला श्रीरंग जिन्यावर आला.
किती झाले?
मी आकडा सांगितला.
मग तिथेच, फ्रिजच्या उघड्या दाराशी,
दूध नासण्याआधी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं,
दोन हजार नऊपासूनचं,
हातात खिळा, आणि आवाज
माझाच, पण मला ओळखू येईना.

मिसेस पॉवेलच्या खिडकीत दिवा लागला.
लागू दे.
तिची माफीही मागायची आहे,
माशांबद्दल.