माया

केपेंच्या नोटरीच्या जिन्याखाली माझी मशीन.
वरून हाक आली की अंगुस्तान काढतो,
वर जातो, सही करतो,
खाली येऊन राहिलेली बाही जोडतो.
अशी मृत्युपत्रं किती झाली, मोजली नाहीत.
हे एकच अंगावर आलं.

चंपाबाय फळदेसाय.
निम्मं मुलाचं, ते कायद्यानंच, तिथे हात लावता येत नाही.
उरल्या निम्म्यावर तिची मर्जी:
काजूचा चढ आणि विहीर
शाणी वेळीपच्या नावे.
मुलगा स्विंडनहून आला तो थेट वकिलाकडे.

बाई सही करायच्या ना?
बँकेत सही, सोसायटीत सही,
इथेच अंगठा कसा?

काजूचे दिवस होते, साहेब.
ओले बिबे सोलून चिकानं बोटं पोळलेली,
पेन धरवेना.
डावा अंगठा तेवढा शाबूत.

भानावर होत्या?

शाई पदराला पुसली. उतरताना
पोलक्याच्या शिलाईत पाच रुपये कमी करून घेतले,
वर म्हणाल्या, बगलेत इंचभर माया ठेव,
मी अजून जाड होणार आहे.

सगळे हसले, न्यायाधीशबाईसुद्धा.
टंकलेखक थांबला: माया, म्हणजे मालमत्ता?
नाही हो.
शिवणीच्या आत दडवलेलं जास्तीचं कापड.
वरून दिसत नाही.
पुढे लागलंच तर उसवून घ्यायचं.
त्यानं काय टंकलं, मी पाहिलं नाही.

जिना चढताना तिनं माझा खांदा धरला होता.
म्हणाली, उल्हास, सावकाश रे.
उल्हास तिचा धाकटा,
तिळामळच्या वळणावर गेला
त्याला तेव्हा सोळा वर्षं झालेली.
वरच्या पायरीवर थांबली, निरखून पाहिलं,
बाबुसो ना तू?
हो म्हटलं.
मग आत गेलो.

हे कुणी विचारलं नाही.
विचारलं तेवढंच सांगा, असं
पिंजऱ्यात चढायच्या आधीच बजावलं होतं.
घरी येऊन मी तीन पायऱ्या मोजतो:
दोन पायऱ्या उल्हास होतो,
तिसरीवर बाबुसो.
अंगठा वर उमटला.
एवढं पुरतं का?

पुढची तारीख गणपतीनंतर.
पोलकं खुंटीवरच आहे, न्यायला कुणी आलं नाही.
शिलाई चुकती आहे.
इन्व्हेंटरीच्या यादीत विहिरीचा रहाटसुद्धा आहे,
हे नाही.
कुठल्या निम्म्यात धरायचं?
बगलेत इंचभर माया आहे, दोन्हीकडे.