स्क्रुटिनाइज

हॅम्बर्गच्या पार्टीला ‘चेक’ पुरत नाही,
मगदूमशेठ म्हणाले,
मालाला शोभेल असा शब्द टाक.

म्हणून विश्रामबागेत, मुजावर मॅडमच्या रात्रीच्या क्लासला,
शेवटच्या बाकावर, एक्कावन्नाव्या वर्षी
मी स्क्रुटिनाइज शिकलो.
आधी तोंडात बसेचना.
सुरुवातीलाच स्क्रू, तो पिळत पिळत आत जातो,
मधे कुठंतरी पत्रा वाजतो,
आणि शेवटाकडं झेड की एस?
मॅडम म्हणाल्या, दोन्ही चालतं,
पण एकदा धरलं की बदलायचं नाही.

घरचा अभ्यास : पाच वाक्यं करा.
मी पहिलंच लिहिलं, आय स्क्रुटिनाइज माय वाइफ.
मॅडमनी लाल गोल काढला.
व्याकरण बरोबर आहे, म्हणाल्या,
पण घरात नांदायचं असेल तर खोडा.
हे क्रियापद कागदाला लागतं,
हिशेबाला, पुराव्याला.
बायकोला नुसतं बघायचं.

परतताना बसस्टॉपवर आठवत राहिलो :
न्याहाळणं, निरखणं, पारखणं,
नजरेखालून घालणं, डोळ्यांत तेल घालून बघणं.
घरात एवढं असताना
मी शेजारी वाटी घेऊन उभा.
आणि यातलं एकही
मेलमधे घालायच्या कामाचं नाही.

सकाळी यार्डात
बाळाक्का राजापुरीच्या थप्पीपाशी.
पोत्यातनं एक हळकुंड काढलं,
डोळ्यांपाशी नेलंच नाही,
कानाशी धरून मोडलं.
मग पुढचं पोतं. मग पुढचं.
‘एक्केचाळीस नंबर ओलं हाय,’ म्हणाली,
‘वाजत न्हाई.’

मी मेल लिहिला :
लॉट स्क्रुटिनाइज्ड बाय इअर, एक पोतं बाजूला.
शेठनी ‘बाय इअर’ खोडलं. कानानं कुठं तपासतात होय?
मग ‘एक पोतं बाजूला’ तेही खोडलं.
गाडी भरून उभी होती.
राहिलं ते वाक्य
इंग्रजी म्हणून अगदी निर्दोष होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं,
नम्र, चार ओळींचं.
माल त्यांनीही स्क्रुटिनाइज केला होता.
त्यांचा एस होता, माझा झेड.
एका पोत्यात बुरशी.
नंबर त्यांनी कळवला होता,
मी तो वाचायचा टाळला.

‘वुई रिग्रेट’ एवढं टाइप करून उठलो,
थप्पीपाशी गेलो.
मी म्हणलं नव्हतं का, असं बाळाक्का म्हणाली नाही.
कोपरापर्यंत पिवळा झालेला हात
माझ्या कानाशी आणला,
कट्‌.
‘ऐकलं?’

मला मोडल्याचा आवाज आला.
बाकी काही नाही.

‘मग जरा गप उभा ऱ्हा,’ म्हणाली,
आणि दुसरं उचललं.