एकशेवीस सेंटिमीटर

सहाला बुकिंग उघडतं, म्हणाली होती प्रतिभा.
सहाला पाच कमी असताना ती गॅसपाशी नव्हती,
मागच्या पडवीत होती,
जिथे आमच्या चोडणात दोन दांड्या रेंज येते.
"मिळालं!" ओरडली, जशी काही स्वस्तात इसवण मिळाली.
"मोठी घसरगुंडी. अकरा चाळीस ते बारा. दोघांचं.
रांगेत उभं राहायचंच नाही."

मी एकोणीस वर्षं फेरीबोटीवर खलाशी.
रांगेत उभं न राहणं म्हणजे काय
हे मला कुणीतरी नीट समजावायला हवं होतं.

पर्वरीच्या पठारावर, पूर्वी काजू होते तिथे,
फाटकावर निळे पट्टे बांधले मनगटाला,
एक युगाला, एक मला.
"आता कुठेही फिरा," काउंटरवरची मुलगी म्हणाली,
"तुमची जागा रांगेत सरकत राहील."
आमच्याशिवाय?
"तुमच्याशिवाय."

मग आम्ही रस-आमलेट खाल्लं,
उथळ पाण्यात पाय सोडून बसलो,
आणि मी सारखा वळून त्या जिन्याकडे बघत होतो:
आमच्या नावाचे ते दोघे
कितव्या पायरीवर आले असतील,
ऊन लागत असेल का त्यांना,
पोर कंटाळली तर तो बाप तिला
काय सांगून गप्प करत असेल.

खरी रांग पलीकडे होती.
हुबळीची अख्खी बस, डोक्यावर टॉवेल,
कडेवर पेंगलेली मुलं,
आणि पाटी: इथून पुढे नव्वद मिनिटे.
पट्टा थरथरला, आम्ही त्यांच्या कडेने चढलो.
कुणी काही बोललं नाही.
ती नजर माझ्या ओळखीची.
बोट भरली की मी हात आडवा धरतो,
साखळी ओढतो,
आणि साखळीपलीकडचा पहिला स्कूटरवाला
अस्साच बघतो,
एका स्कूटरच्या जागेने हुकलेला.

जिन्याच्या तोंडाशी लाकडी मगर, शेपटीवर उभी.
जबड्याखाली लाल रेघ.
छातीवर 'आग्नेल' लिहिलेल्या पोराने
युगाला मगरीला टेकवून उभं केलं,
केसांवर तळहात सपाट ठेवला.
तिने टाचा उचलल्या.
त्याने पाहिलं.
टाचा खाली.

दोन सेंटिमीटर.

"फुडल्या वर्सा यो गे, बाय."
आवाज चढा नाही, मऊही नाही.
मी भांडलो नाही त्याच्याशी.
तो आवाज गेली एकोणीस वर्षं
मीच वापरतोय.

प्रतिभाने सगळं भरलं होतं: वय, फोन,
पोहता येतं का, हृदयाचा काही त्रास.
उंचीचीही चौकट होती.
ती तिने अंदाजे भरली,
आणि आईचा अंदाज
कधी कमी पडलाय?

"तू जा, बाबा," युगा म्हणाली. "नंबर फुकट जाईल."
रडली नाही.
मगरीला मात्र एक चापट मारली.

वर पोचलो तेव्हा बाराला एक मिनिट.
वरून मांडवी दिसते, खारफुटी दिसते,
रायबंदरचा धक्का, आणि काड्यापेटीएवढी आमची बोट,
पुंडलिकच्या पाळीत,
माझ्याशिवाय,
वेळेवर.
"हात छातीवर घ्या," कुणीतरी म्हणालं.
पुढचं नीट आठवत नाही.
नाकात पाणी, आणि एक मोठी आरोळी, बहुधा माझीच.
खाली ती उभी, पट्टा घड्याळासारखा धरून.
"अकरा सेकंद. मी मोजले."

संध्याकाळी रायबंदरला
साखळी नेमकी आमच्या पुढ्यात पडली.
पुंडलिकने हात आडवा धरला,
मग मला ओळखलं, हात खाली घ्यायला लागला.
मी मानेनेच नको म्हटलं.
बोट भरली होती. मला दिसत होतं.

पुढची वीस मिनिटांनी.
युगा धक्क्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली,
भरतीचे ओले पट्टे असतात तिथे.
"बाबा, रेघ मार."
हातात स्कूटरची किल्ली होती.
मी मारली,
टाचा टेकल्यात की नाही
ते न बघता.