रस्त्यात आहे

चौथी खेप. काउंटरवरचा पोरगा
स्क्रीनकडेच बघत म्हणतो,
पार्ट निघालाय, सर, रस्त्यात आहे.
धनत्रयोदशीपासून तो रस्त्यात आहे.

वॉरंटीचं पुस्तक अजून कोरं,
प्लास्टिकच्या पिशवीत.

सियागंजात मुस्तकीम हसला:
भिया, गाडी तुमची झकासच,
पण इंदुरात तिचं मेलंय कोण?

आणि मागचं पत्र्याचं दार सरकवलं.
माझ्या जुन्या गाडीच्या जातीचे
एकोणीस सांगाडे, दाटीवाटीनं.
कुणाचं हँडल नाही, कुणाची साखळी;
ती आत्ता विजयनगरच्या सिग्नलला
उभी असेल, दुसऱ्याच्या पोटात.

माझी मी विकली होती,
फार खडखडते म्हणून.

सातव्या टाकीवर
ऋचानं चिकटवलेलं फुलपाखरू.
अर्धं सोललेलं.
क्लच आधीच कुणीतरी नेलेला.