फैराबान

आधी ती स्कूलबस होती.
पिवळ्यावर गुणवंतनं पांढरा रंग मारला,
तरी ऊन तिरपं झालं की बाजूला
'सरस्वती कॉन्व्हेंट, उमरेड' उमटतंच.
आत एक पलंग, दोन शेगड्या, एक बेसिन,
आणि एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला नवरा,
जो दर मुक्कामाला चाकाखाली विटा सरकवत
बाहेरून ओरडतो, "लेव्हल?"
मी ओट्यावर वाटी ठेवते, वाटीत पाणी,
आणि पाणी म्हणेल ते सांगते.

खैरी जीनला एका रात्रीपुरतेच थांबलो होतो.
बंड्यांतून उडालेला कापूस
बाभळींच्या काट्यांना अडकून राहिलेला.
जीन कधीचं बंद, आवार मात्र झाडलेलं.
"लावा ना बाप्पा निंबाखाली," उकंडराव म्हणाले,
"चौकीदाराले काय विचारता?"
त्यांच्या खिडकीतून, तुळशीवरून, वायर आली.
आमचा बल्ब लागला
तसा त्यांचा जरा मंद झाला.

जर्मनी या गावानं नकाशात शोधलेली नाही.
बॉयलरवर उठावाची अक्षरं आहेत,
पोरं ती बोटानं गिरवतात, वाचत नाहीत.
कुणी 'हेर साहेब' होता म्हणे.
मला वाटलं गुप्तहेर.
दोन हंगाम राहिला, सरकीच्या ढिगावर चढून फोटो काढायचा,
मग तिकडं लढाई लागली
आणि इकडं पोलीस त्याला घेऊन गेले.
कुठं, ते कुणी विचारलं नाही.
मागं राहिली एक भट्टी, आणि दोन शब्द.

पाच वाजता उकंडराव
लोखंडी पट्टीवर तीन टोले देतात,
कामावर कुणीही नसलेल्या आवारात.
"फैराबान!"
बाजूच्या शेतात बाया कमरेच्या ओट्या सोडतात.
इथं काम सुटत नाही, फैराबान होते.
गाय आटली, तिचं फैराबान झालं.
आबाजी मंगळवारी गेले,
त्यांचंही तेच झालं.

दुसरा शब्द शनिवारी भट्टीतून निघतो: बरोट.
आंबवलेल्या ज्वारीचा, टिनाच्या डब्यात भाजलेला,
तळाशी पळसाचं पान चिकटलेलं.
पंचफुलाबाई तो करतात.
"साहेबाच्या खानसाम्याची मी नातसून," त्या म्हणाल्या,
"त्याले जसा जमला तसा जमला,
मले जमते तसा मी करतो."
वांग्याच्या भरतासोबत आम्ही अर्धा संपवला
आणि दुसऱ्या रात्रीचं आपोआप ठरलं.

टाकी कुठं रिकामी करायची,
हे गुणवंतनं फार हळू विचारलं.
उकंडराव एवढे हसले
की गावभर कळलं.

तिसऱ्या संध्याकाळी पंचफुलाबाई बसमध्ये आल्या.
नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.
पाणी थोडंच उरलं होतं, मी बोलले नाही.
"यात निजता येते का, चालू असताना?
लग्नापासून एक रात बी
मी या गावाभायेर निजली नाही.
दवाखान्याची सोडून."

गुणवंतनं विटा काढल्या.
त्या चपला काढून पलंगावर आडव्या झाल्या,
पदर नीट घेतला, डोळे मिटले.
पहिल्या गिअरमध्ये जीनला एक फेरा,
बॉयलर, वजनकाटा, मोडका धक्का,
भांडी वाजत होती, मी कपाटाचं दार धरून उभी.
कडुनिंबाशी थांबलो तरी त्या उठल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "पोटात डचमळलं बाई.
पण गाव हाललं.
मले समजलं."

सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला बरोट
मांडीवर गरम लागत होता.
वायर परत गेली, खिडकीतून, तुळशीवरून.
फाटकाशी गुणवंतनं बस हळू केली.
तिथं दोन पोरं आजोबाच्या डुगडुगत्या खाटेखाली
आमच्या विटेचा तुकडा सरकवत होती.
एक ओरडलं, "लेव्हल?"
आणि दुसरं, वाटी नव्हती म्हणून,
ओंजळ पुढं धरून
तिच्यात बघत राहिलं.