उंटाच्या हाडाचा उंट

शुक्रवार बाजारात सगळं जमिनीवर मांडलेलं असतं :
कुवेत सोडून निघालेल्यांचे मिक्सर, पाळणे, वजनकाटे,
कुणाच्या तरी लग्नाची फ्रेम, फोटो काढून घेतलेली.
पहिला पट मला तिथं सापडला,
हिरव्या-पांढऱ्या दगडाचा, पेशावरकडचा,
दीड दिनारला. एक प्यादं कमी.
विकणारा म्हणाला, खजुराची बी ठेव.
ठेवली.
शिवीही घातली मनातल्या मनात,
त्याला नाही,
जो कोणी ते प्यादं घेऊन गेला त्याला.

मला खेळता येतं असं नाही.
अहमदीच्या रिफायनरीत मी पाइपांचे जोड तपासतो,
कुठून गळतं, किती गळतं, एवढं लिहितो.
डाव मांडला की नवव्या-दहाव्या चालीत वजीर जातो.
थंपी हसतो. त्याला नुसती घरं दिसतात,
मला नुसते मोहरे :
पितळी राजाच्या दाढीतली कानशीची रेघ,
काचेच्या घोड्यात अडकलेला हवेचा एक बुडबुडा,
आणि तो मोत्यांच्या धंद्याचा पट,
गलबताचा नाखवा राजा,
आणि आठ पाणबुडे प्यादी, नाकाला चिमटे लावून
कधीपासून श्वास रोखून उभे.

खोलीत चौघं, कपाट एक.
पलंगाखाली अडतीस राजे,
वर मी.

फरहूदशी ओळख उंटावरून झाली.
हाडाचा पट, राजस्थानी कोरीव, कुबडासकट उंट.
तो म्हणाला, हा फील.
फील म्हणजे हत्ती, एवढी अरबी मला येते.
म्हटलं, बाबा रे, कुबड दिसतंय, मान दिसतेय,
हत्ती तो कोपऱ्यातला, सरळ जाणारा.
तो म्हणाला, कोपऱ्यात किल्ला. हत्ती तिरका जातो.
त्याच्या आजोबांचा बसऱ्यात तिरकाच जायचा.
अर्धा तास भांडलो. दोन चहा झाले.
शेवटी पट पालथा करून तो म्हणाला,
हाड मात्र उंटाचंच आहे, चार दिनार.

कुंदा फोनवर म्हणाली,
हाडां घरात हाडू नकात हां.
कुडाळात आमच्या घरी शोकेस आहे, रिकामी,
ती म्हणते, काचेची भांडी ठेवीन.

साठ भरली. इकामा संपला.
विमानात तीस किलो,
दगडाचा पटच सहा किलोंचा.
मग एका शुक्रवारी
फरहूदच्या शेजारी मीही चादर अंथरली.
एकोणीस पट. आदल्या रात्री
प्रत्येकातला एकेक मोहरा काढून
लोकरीच्या मोज्यात घातला होता.
का, ते थंपीनं विचारलं नाही,
त्यानं नुसतं मोजलं.

एक फिलिपिनो नर्स आली, एक सीरियन बाप मुलाला घेऊन,
एक म्हातारा, जो फक्त पेटीचं बिजागर बघत होता.
सगळ्यांना सांगितलं, एक कमी आहे,
खजुराची बी ठेवा.
कुणी पाव दिनार कापला, कुणी हसलं.
मुलानं विचारलं, हरवलं कुठे?
मी चादरीची घडी करू लागलो.
ते पहिलं प्यादं नेणारा आता डोळ्यांसमोर आला,
गुडघ्यावर बसलेला, पेटी भरून झालेली, हात खिशात.
शिवी परत घेतली,
सतरा वर्षं उशिरा.

विमानतळावर मोजा पकडला गेला.
एकोणीस सैन्यांतले एकोणीस पळपुटे
प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आडवे.
गणवेशातल्या पोरानं नेमका तोच उचलला,
उजेडात धरला, आणि हसून म्हणाला,
जमल.
जमल म्हणजे उंट.
फरहूदला सांगायला हवं होतं,
पण या पोराला बुद्धिबळ येत नसावं.

त्यानं तो टेबलावर ठेवला
आणि दोन बोटांनी
सरळ माझ्याकडे ढकलला.
मागे रांग मोठी होती.
चाल चुकली, असं मी म्हटलं नाही.