फेब्रुवारीचे तीनशे

एकतीस मार्च, रात्रीचे नऊ.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली वॉशर पाडणाऱ्या प्रेस गप्प,
वर पोटमाळ्यावर मी
अकरा माणसांचं वर्ष
एका एक्सेल पत्रकात बसवते आहे.

व्यवसाय कर. महिन्याला दोनशे,
फेब्रुवारीत तीनशे.
महिना सगळ्यात आखूड आणि कात्री सगळ्यात लांब,
हे मी सतरा वर्षं समजावलं
दर मार्चच्या सात तारखेला
पगाराची चिठ्ठी उलटीसुलटी करत उभ्या राहणाऱ्या
इब्राहिम दळवीला.
"शंभर कुठे गेले, बाई?"
जणू मीच ते पदराला बांधून घरी नेले.
अकरा गुणिले दोनशे, वर तीनशे,
बरोबर अडीच हजार.
सरकारला गोल आकडा आवडतो, दळवी,
बाकी काही नाही.

पूर्वी हे कागदावर भरायचो.
खिडकीपलीकडचा कारकून शिक्का मारायच्या आधी
नावं वाचायचा, मोठ्यानं,
आणि एखाद्या आडनावाशी थांबून गाव विचारायचा.
आता पत्रक नावं विचारत नाही.
विचारतं फक्त:
दहा हजारांवर पगार असलेले कर्मचारी किती?

मार्च, आठ. एप्रिल, आठ.
मे, जून, जुलै, आठ, आठ, आठ.
बायका तिघी, पंचवीस हजारांच्या आत, माफ.
त्यांचा रकाना वेगळा, शून्यांचा.
नोव्हेंबर, आठ.
दळवीचे एकोणीस दिवस भरले होते.
एकोणीस दिवसांचा पगारही दहा हजारांवर जातो,
म्हणून दोनशे कापले.
कापावे लागतात.
मुंब्र्याला दफनाला मालक गेले, सगळे गडी गेले,
मी बाहेर रिक्षात बसून राहिले
आणि रिक्षावाल्याचं मीटर बघत होते.

डिसेंबर, सात.
आठाचा सात करायला एकच बटण लागतं.
दाबलं. मग बराच वेळ
पंख्याचं एक पातं वाकडं आहे
ते बघत बसले.

जानेवारी, पुन्हा आठ.
पॅकिंगच्या सुगंधा पाष्टेला पगारवाढ मिळाली,
पंचवीस हजार चारशे.
तिला सांगितलं तेव्हा आधी चेहरा पडला,
मग म्हणाली, "म्हणजे आता मीपण धरले गेले?"
"कुठल्या घरात दाखवा ना."
दाखवलं.
पुरुषांच्या आकड्याखाली तिचा एक,
स्क्रीनवर तिनं बोट ठेवलं, तेलकट डाग पडला,
तो मी अजून पुसलेला नाही.

आणि या सात तारखेला
चिठ्ठी उलटीसुलटी करत तीच उभी.
"बाई, गेल्या वेळी दोनशे होते ना?"
मी न बघताच म्हणाले,
"सरकारला गोल आकडा आवडतो, दळवी."
ती काही बोलली नाही.
मीही नाव दुरुस्त केलं नाही.

सव्वाअकरा.
वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा.
पुन्हा. पुन्हा तो वेड्यावाकड्या अक्षरांचा चौकोन,
मी माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी.
दोनदा चुकले.
एकूण कर: एकोणीस हजार आठशे.

आठही जण वर्षभर असते तर
वीस हजार झाले असते, गोल.
दोनशे कमी.
कुणाला वाटेल, डिसेंबरात
एक माणूस बिनपगारी रजेवर होता.

अकरा चाळीसला पोचपावती आली, लांबलचक क्रमांक.
छापली. कडेला पेन्सिलीनं लिहिलं, दळवी,
आणि फाइलला लावली.
मालकांचा फोन.
"गेलं का? दंड वगैरे?"
"गेलं. दंड नाही.
गेल्या वर्षापेक्षा दोनशे कमीच आहेत."
"बरं झालं," मालक म्हणाले,
आणि मग पलीकडून
बराच वेळ काहीच आवाज आला नाही.